सुट्टीतील एक दिवस : लहान मुलांसह अल्प खर्चाची कौटुंबिक सहल

दीर्घ सुट्टीनंतर शाळा उघडली म्हणजे पहिल्याच आठवड्यात 'मी सुट्टी कशी घालविली' हा निबंधाचा विषय फळ्यावर लिहिण्याची प्रथा बहुतेक प्राथमिक शाळांतून चालू आहे. विषय सोपा आहे अशी शिक्षकांची समजूत असते. परंतु वर्गातील सर्वच मुलांस तो सोपा नसतो. ज्याचे मामा शहरात आहेत व घरी गाडीभाड्याची सोय आहे, त्याची लेखणी भराभर चालते. ज्याची सुट्टी शेळ्यांमागे अथवा धाकट्या भावंडास कडेवर घेण्यात गेली, ते मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते किंवा कधीही न पाहिलेल्या महाबळेश्वराचे वर्णन करू लागते. शेळ्या राखण्यातही लिहिण्याजोगे पुष्कळ असते, व ते ओळखणारा शिक्षक लाभला तर तेच मूल सर्वांत उत्तम लिहील, ही गोष्ट वेगळी. तथापि वर्षातून एकदा तरी आईबापांच्या सोबतीने गावाबाहेर पडून एखादे नवे ठिकाण पाहिले, असा एकही दिवस ज्याच्या गाठीस नाही त्या मुलाची उणीव लाल शाईने दुरुस्त होण्यासारखी नसते.

शाळेची सहल ही उणीव भरून काढते असे म्हणावे, तर तीत बहुधा वरच्या इयत्तांतील मुलेच जातात. पहिली-दुसरीची व अंगणवाडीची बालके घरीच राहतात. शिवाय शाळेच्या सहलीत मूल शिक्षकांचे बोट धरून चालते. वडिलांचे बोट धरून चालण्याचा प्रसंग निराळाच असतो. खेड्यातील कित्येक मुलांना वडील दिसतात ते पहाटे कामावर निघताना आणि रात्री थकून परतताना. म्हणून येथे शालेय सहलीचा विचार न करता, सुट्टीतील एक दिवस सबंध कुटुंबाने लहान मुलांसह अल्प खर्चात कसा घालवावा, आणि पालकांस त्या कामी शिक्षकांनी कोणते साहाय्य करावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार केलेला आहे.

'सहल म्हणजे पैसेवाल्यांचे काम' हा समज गावोगाव रूढ आहे. तो दूर करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे सुट्टीपूर्वीच्या पालकसभेत फळ्यावर प्रत्यक्ष हिशेब मांडून दाखविणे. एस. टी. च्या भाड्याचेच उदाहरण पाहावे. पाच वर्षांखालील मुलास तिकीट पडत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट पडते. दिनांक १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस. टी. ने प्रवास करणाऱ्या स्त्रियांस भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची सोय झाली, आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयोगटास अर्धे भाडे आहे. आता वडील, आई, सत्त्याहत्तर वर्षांची आजी, आठ वर्षांची मुलगी व चार वर्षांचा मुलगा असे पाच जणांचे कुटुंब घ्यावे. वडिलांचे तिकीट पूर्ण, आईचे अर्धे, मुलीचे अर्धे, आजी व मुलगा विनातिकीट. म्हणजे पाच माणसांचा प्रवास केवळ दोन पूर्ण तिकिटांत होतो. हा हिशेब चौथीच्या मुलांकडूनच पालकांसमोर करवून घेतल्यास अधिक चांगले. आजीच्या वयाचा पुरावा म्हणून आधारपत्र बरोबर असावे, हे सांगण्यास विसरू नये. वाहकाशी होणारे बहुतेक वाद त्यावाचूनच होतात.

गाडीभाडे अशा प्रकारे आटोक्यात येते. सहलीत खरोखर पैसा जातो तो दुसऱ्याच दोन वाटांनी. पहिली वाट म्हणजे दुकाने. बसस्थानकाच्या फाटकापासून देवळाच्या पायरीपर्यंत फुगे, पिपाण्या, थंड पेये व रंगीत बर्फ यांची रांग असते, आणि प्रत्येक दुकानापुढे मुलास 'नाही' म्हणण्यात आईबापांचा दिवस जातो. यावर उपाय असा की, प्रत्येक मुलास किती रुपयांची व कोणती एकच वस्तू घेता येईल हे घरून निघतानाच ठरवावे, आणि मूल सहा-सात वर्षांचे असेल तर ते पैसे त्याच्याच हाती द्यावे. ज्या मुलास स्वतःचे पैसे स्वतः खर्च करावयाचे असतात, ते पहिल्या दुकानावर सहसा थांबत नाही. चार दुकाने पाहते, किंमत विचारते, मनात वजाबाकी करते. वर्गात कागदी नाण्यांवर जे शिकविण्यास आठवडा लागतो, ते येथे अर्ध्या तासात घडते.

दुसरी वाट कमी ध्यानात येते. मजुरीवर पोट भरणाऱ्या कुटुंबास सहलीचा दिवस म्हणजे दोघांची बुडालेली मजुरी होय, आणि ती गाडीभाड्याहून कितीतरी अधिक असते. अशा पालकांस 'खर्च थोडाच आहे' असे सांगणे म्हणजे त्यांची परिस्थिती न जाणता बोलणे होय. ज्या गावात आठवड्याच्या बाजारादिवशी शेतमजुरी बंद असते, तेथे तो दिवस किंवा पीक काढून झाल्यानंतरचा रिकामा दिवस सुचवावा. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची दिवाळीची सुट्टी फडातच जाते. त्यांच्यासाठी विचार करावयाचा तो गावी परतल्यानंतरच्या उन्हाळी सुट्टीचाच. एरवी निवड करण्याची मोकळीक असेल तर लहान मुलांस दिवाळीची सुट्टी अधिक मानवते. तेव्हा ऊन सौम्य असते, नद्यांत पाणी असते व रानही हिरवे असते.

आता ठिकाणाचा विचार. ठिकाण जवळचे असावे, एकच असावे, आणि तेथे मुलास धावण्यास जागा व बसण्यास सावली असावी, एवढे पुरे. सातारा जिल्ह्यातील वाई व मेणवली यांचे उदाहरण यासाठी विशेष उपयोगी आहे; कारण तेथे पाहण्यासारखे पुष्कळ असूनही त्यासाठी पैसे फारसे मोजावे लागत नाहीत, आणि अगदी धाकट्या मुलासही तेथे करमते.

मेणवली हे गाव वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर, कृष्णेच्याच काठी आहे. पेशवाईतील प्रसिद्ध मुत्सद्दी नाना फडणीस (१७४२–१८००) यांचा वाडा व त्यामागील नदीचा घाट यांमुळे ते नावारूपास आले. सकाळच्या गारव्यात प्रथम तेथेच जावे. वाईहून वडाप अथवा रिक्षा मिळते. भाडे बसण्यापूर्वीच विचारून घ्यावे. वाडा खाजगी मालकीचा असल्याने आत जाण्याची मुभा आहे किंवा नाही, याची चौकशी तेथे करावी. मुभा नसली तरी बिघडत नाही. लहान मुलांचा खरा आनंद वाड्यात नसून घाटावर आहे. तेथील पायऱ्या चंद्रकोरीच्या आकाराने नदीपर्यंत उतरत गेल्या आहेत. तीन वर्षांचे मूल त्या पायऱ्याच चढते आणि उतरते, पुन्हा चढते आणि पुन्हा उतरते, आणि त्याला दुसरे काहीही नको असते. आईबापांस यात वेळ वाया जात आहे असे वाटण्याचा संभव असतो. 'आता चल, पुढचे पाहावयाचे आहे' असे म्हणून ती त्यास ओढतात, मूल रडते, आणि सहलीचा पहिला रुसवा येथे होतो. पालकांना नेमके हेच समजावून द्यावे की, त्या वयाच्या मुलाने पायऱ्यांवर घालविलेला तास हीच त्याची सहल आहे.

त्याहून मोठ्या मुलांसाठी त्याच घाटावर एक अपूर्व वस्तू आहे. मेणेश्वराच्या मंदिरानजीक एका लहानशा दगडी बांधकामात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मेरीमातेची आकृती असून १७०७ हा सन कोरलेला आहे. हिंदू देवालयाशेजारी ख्रिस्ती देवळातील घंटा कशी आली, हा प्रश्न आठ-नऊ वर्षांचे मूल आपण होऊन विचारते, आणि त्याने तो विचारीपर्यंत वडिलांनी थांबावे हे उत्तम. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तेथील ख्रिस्ती देवळांतील घंटा विजयाच्या खुणा म्हणून आणल्या गेल्या व ठिकठिकाणच्या देवालयांस अर्पण झाल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात व भीमाशंकर येथेही अशा घंटा आहेत. मेणवलीची घंटा ओतली गेली तेव्हापासून वसई पडेपर्यंत किती वर्षे लोटली, ही वजाबाकी मुलास तेथल्या तेथे करता येते, उत्तर बत्तीस. यापेक्षा अधिक इतिहास त्या दिवशी सांगण्याचे कारण नाही. काही सुशिक्षित पालक सहलीस निघाले की मुलांस प्रत्येक दगडाची हकीकत ऐकवितात, आणि शिक्षक-पालक तर त्यांत अग्रेसर असतात. त्यांनी त्या दिवशी जरा मौन पाळावे.

ऊन चढू लागले म्हणजे वाईस परतावे. कृष्णेकाठची देवळे व घाट यांसाठी वाई प्रसिद्ध असून त्यांत गणपती आळीच्या घाटावरील महागणपतीचे मंदिर मुख्य होय. ते १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधविले. मूर्तीच्या भव्यतेमुळे लोक त्यास ढोल्या गणपती म्हणतात, आणि हे नाव मुलांस फार आवडते. जवळच काशीविश्वेश्वराचे मंदिर असून त्यापुढील काळ्या पाषाणाचा नंदी मुले निरखून पाहतात. परंतु या ठिकाणी मुलांस अवश्य दाखवावे असे एक वेगळेच वैशिष्ट्य आहे. गणपतीच्या मंदिराची मागील भिंत सपाट नसून माशाच्या आकाराप्रमाणे निमुळती केलेली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे व दोन्ही अंगांनी निघून जावे, अशी ती योजना सांगतात. हे तोंडी सांगून मुलास कळत नाही. पण शेताच्या पाटात एकदा वीट आडवी ठेवून व एकदा तिचा कोपरा प्रवाहाकडे करून पाहिल्यास तत्काळ कळते. सुट्टी संपल्यावर शिक्षकांस हा प्रयोग शाळेच्या अंगणातही करता येईल. सहलीस न गेलेल्या मुलांनाही मग त्यात भाग मिळतो.

वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे, हे शिक्षकांस ठाऊक असेलच. त्यांनी स्वतः ते अवश्य पाहावे. चार वर्षांच्या मुलास मात्र तेथे नेऊ नये.

येथवर आलेल्या कुटुंबास एक मोह हटकून होतो. पसरणीचा घाट चढला की पाचगणी अवघ्या बारा किलोमीटरांच्या अंतरावर, तेथून पुढे महाबळेश्वर. इकडे धोमचे नृसिंहमंदिर व धरण. 'एवढे आलोच आहोत तर' या चार शब्दांनी जितक्या सहली बिघडल्या असतील तितक्या पावसानेही बिघडल्या नसतील. घाटातील वळणांनी लहान मुलांस ओकाऱ्या होतात, गाडीभाडे वाढते, हॉटेलात जेवण्याची पाळी येते, आणि परत येताना मुलांना आठवते ते फक्त गाडीतील ऊन. ज्यांना पाचगणी पाहावयाची असेल त्यांनी पुढील सुट्टीत केवळ पाचगणीच पाहावी.

शिदोरीविषयी खेड्यातील गृहिणीस काही शिकविण्याची आवश्यकता नाही. दुधात भिजविलेल्या दशम्या, धपाटी, शेंगदाण्याची चटणी, कोरडी भाजी, गूळ-शेंगदाणे व काकडी हे पदार्थ दिवसभर टिकतात व मुलेही आवडीने खातात. विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. सहलीच्या दिवशी घरातील स्त्री पहाटे तीन वाजता उठून सर्वांचे करते, दिवसभर धाकट्यास कडेवर वागविते, आणि रात्री परतल्यावर पुन्हा चुलीपुढे बसते. मग सहल झाली कोणाची? म्हणून आदल्या रात्री दशम्या करून ठेवाव्या, भांडी व पाण्याची सोय पुरुषांनी पाहावी, धाकट्यास वडिलांनी घ्यावे, आणि परतल्यावर पिठले-भातावर भागवावे, असे पालकसभेत स्पष्ट बोलावे. असे बोलणे शिक्षकाच्या अधिकाराबाहेरचे आहे असे काहींस वाटेल. परंतु सभेला आलेल्या माता ते लक्षपूर्वक ऐकतात, असाच अनुभव येईल. ज्या सहलीत आईस घाटावर अर्धा तास स्वस्थ बसावयास मिळाले, ती सहल पुढील वर्षी पुन्हा निघते.

पाण्याच्या बाबतीत मात्र सवलत नाही. वाईच्या वरच्या अंगास धोमचे धरण आहे, आणि धरणातून पाणी सोडले की नदीची पातळी चढते. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. तेथे मोठ्या माणसाचाही पाय घसरतो. 'लक्ष ठेवा' असे मोघम सांगून उपयोग नसतो, कारण चार माणसे असली की प्रत्येकास दुसरा लक्ष ठेवून आहे असे वाटते. त्याऐवजी एक नियम सांगावा : मूल ज्या पायरीवर असेल तिच्या खालच्या पायरीवर, म्हणजे मूल आणि पाणी यांच्या मध्ये, नाव घेऊन नेमलेले एक मोठे माणूस बसलेले असावे. ते उठले तर त्याने दुसऱ्यास सांगून उठावे. नदीत पोहण्याचा, अथवा पाण्याकडे पाठ करून छायाचित्रे घेण्याचा बेत लहान मुले बरोबर असता करू नये. गर्दीत चुकामूक होते, म्हणून मुलाच्या खिशात त्याचे नाव, गाव व वडिलांचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. ती चिठ्ठी दुसरीतील मुलाने स्वतःच्या हाताने लिहावी. पत्ता लिहिण्याचा यापेक्षा अर्थपूर्ण पाठ दुसरा नाही.

उन्हाळी सुट्टीत निघणाऱ्यांनी पहिली गाडी धरावी, अकरापर्यंत हिंडणे आटोपावे, आणि चार वाजेपर्यंत देवळाच्या ओवरीत किंवा झाडाखाली विसावा घ्यावा. त्या वेळात मुले निजतात, आणि मोठी माणसेही. डोक्यास टोपी अथवा उपरणे असावे. पाणी घरचेच न्यावे व मुलाने मागण्यापूर्वी घोट घोट देत राहावे. एखाद्यास जुलाब-उलट्या होऊ लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे. प्रमाण चुकता कामा नये, विशेषतः मीठ अधिक होऊ देऊ नये. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा अंग तापले तर पुढचा बेत सोडून थेट दवाखाना गाठावा.

ज्या शाळा वाईपासून दूर आहेत, त्यांच्या पालकांस हेच ठिकाण सांगणे योग्य नव्हे. कऱ्हाड भागातील कुटुंबांस कृष्णा व कोयना यांचा प्रीतिसंगम आहे. दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात हे दृश्य मुलांस काठावर उभे राहून दाखविता येते. यशवंतराव चव्हाण यांची समाधी तेथेच असून मुलांस खेळण्यास बागही आहे. खटाव-माण भागास औंध जवळ आहे. तेथील श्रीभवानी संग्रहालय औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारले. चित्रांपुढे मुले पंधरा-वीस मिनिटेच रमतात. मग त्यांस टेकडीवर मोकळे सोडावे. सातारा शहरानजीकच्या गावांस अजिंक्यतारा किल्ला आहे. कासचे पठार मात्र सुट्टीत नेण्याचे ठिकाण नव्हे. तेथील फुलांचा बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो, व त्या वेळी शाळा चालू असतात.

पालकसभेत बोलून झाल्यावर शिक्षकांनी एक लहानसा कागद तयार करून शाळेच्या व चावडीच्या फलकावर लावावा. त्यावर जवळच्या दोन-तीन ठिकाणांची नावे, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या वेळा, पूर्ण व अर्ध्या तिकिटाचा दर, पिण्याच्या पाण्याची व शौचालयाची सोय कोठे आहे, आणि संग्रहालय असल्यास ते कोणत्या वारी बंद असते, एवढी माहिती मोठ्या अक्षरांत लिहावी. तिकीट न फेकता मुलाने वहीत चिकटवावे, असेही त्यावर लिहावे. त्यावरील गावांची नावे, तारीख व रक्कम वाचून दाखविणे हे दुसरीच्या मुलास सहज साधते. गाड्यांच्या वेळा हंगामागणिक बदलतात, यास्तव त्या फलकावर लिहिण्यापूर्वी आगारात विचारून खात्री करून घ्यावी. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ ठळक लिहावी, व तिच्याखाली अशी सूचना द्यावी की, लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी तिच्या आधीची गाडी धरावी.